रतामाच्या झाडाखालची भाकर



लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण आजारपणातही साथ देण्याचे वचन देतो. तेव्हा डोळ्यांसमोर ताप, ऑपरेशन, फार तर म्हातारपण असते. पण आजार मनाचा निघाला तर हे वचन पाळायचे कसे?

बायपोलर हा असाच दोन टोकांचा आजार. एका टोकाला माणसाला झोप नकोशी होते, बोलणे थांबत नाही, मोठमोठे बेत आखले जातात, पैसा पाण्यासारखा जातो. दुसऱ्या टोकाला तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, जगणेच नकोसे म्हणतो. मधल्या काळात तो नोकरी करतो, वाडी पाहतो, मिस्साला येतो. शेजारीपाजारी मात्र म्हणतात, नजर लागली, पापाची शिक्षा आहे, कामाचा कंटाळा आहे. असे बोलणे क्रूर आहे, आणि खोटेही. मधुमेहासारखा हा आजार औषधांनी आटोक्यात राहू शकतो.

जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याकडे पाहा. कर्मेल डोंगरावरील विजयानंतर तो अहाब राजाच्या रथापुढे धावत गेला. लगेच राणी ईजबेलच्या धमकीने पळाला आणि रानात रतामाच्या झाडाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. एलियाला हा आजार होता, असे मला म्हणायचे नाही. पण देवाने काय केले ते बघा. 'तुझा विश्वास कुठे गेला?' असे त्याने विचारले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने स्पर्श करून उठवले, भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलिया जेवला व पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला. होरेब पर्वतावरचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांनी झाले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या जोडीला झोप व स्नान सांगितले आहे. शरीर सावरल्याशिवाय मन सावरत नाही, हे संतांना ठाऊक होते.

संकटात सापडलेल्या जोडीदाराजवळ आपले काम त्या देवदूताचे आहे. उधाणाच्या काळात वाद घालून काही पटत नाही; आवाज खाली ठेवा, घरात शांतता ठेवा. तो किंवा ती बरी असतानाच दोघांनी ठरवून ठेवा: कोणत्या खुणा दिसताच डॉक्टरांना फोन करायचा, एटीएम कार्ड कोणाकडे द्यायचे. झोप अचानक कमी झाली तर वाट पाहू नका. प्रार्थनासभेत बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका. १९४९ साली ऑस्ट्रेलियात डॉ. जॉन केड यांनी ज्याचा गुण दाखवला ते लिथियम आजही दिले जाते. अंगातले पाणी घटले तर रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. म्हणून हे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. ख्रिस्तसभा आजाऱ्यांवर उपवासाची सक्ती करीत नाही.

मरणाची भाषा ऐकू आली तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'होय' आले तर एकटे सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशके कुलपात ठेवा, ताबडतोब रुग्णालयात न्या. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते. रुग्णालयात दाखल करणे म्हणजे टाकून देणे नव्हे. लग्नातले वचन तिथेही पाळले जाते.

देवदूत थकत नसेल, पण रात्र रात्र जागणारी पत्नी थकते, पतीही थकतो. त्यांना दोन तास झोप मिळावी म्हणून शेजारणीने दुपारी येऊन बसावे, कोणी मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला न्यावे, कोणी डबा द्यावा. चौकशा नकोत. घरात घडलेले बाहेर सांगणे तर मुळीच नको.

आज आपण परमप्रसाद घेऊ. ती भाकर प्रभूने आपल्याला न मागता, न रागावता दिली आहे. आपल्या परिसरात रतामाच्या झाडाखाली कोण बसले आहे, हे घरी जाताना आठवा आणि त्या दारी जा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू