इगर्जीच्या उंबरठ्यावर

सौंदर्याला अपराधाचा विटाळ होतो काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ जुना आहे. पण आमोण्यात राहणाऱ्या माणसाला तो ग्रंथांतून शोधून काढावा लागत नाही. मांडवीच्या या काठावरून जुन्या गोव्याला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक खांडोळ्याच्या पुलावरून, माशेल-बाणस्तारीकडून. दुसरा नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर आणि तेथून दुसऱ्या फेरीबोटीने थेट व्हाइसरॉयच्या कमानीपाशी. पहिला सोयीचा. दुसऱ्याने वेळ जातो. तरी जुन्या गोव्याची चर्चे पाहावयास निघणाऱ्याने एकदा तरी त्याच वाटेने जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कारण ती वाट सप्तकोटेश्वराची आहे, मात्र उलट दिशेची. कदंबांचे हे कुलदैवत दिवाडीवर होते. बहामनी आक्रमणात ते देऊळ एकदा मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभारले, आणि १५४० मध्ये पोर्तुगीज अमलात ते कायमचे गेले. लिंग नदी ओलांडून आपल्या बाजूच्या नार्व्यात आले. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देऊळ बांधण्यास आरंभ झाला. तसा शिलालेख आजही तेथे आहे. दिवाडीचा गणपतीही असाच मुक्काम बदलत अखेर खांडोळ्यास स्थिरावला. आपल्यापैकी अनेकांची कुळे याच देवांच्या मागून अलीकडे आली. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रांत पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर देवळे पाडण्याचा काळ ओसरला होता. म्हणून आपली देवळे राहिली आणि आपला बेताळ आजही उभा आहे.

अशा घरचा माणूस फेरीतून उतरतो, कमानीखालून चढण चढतो आणि से कॅथेड्रलपुढे येऊन उभा राहतो. तेव्हा त्याने काय करावे?

वास्तू भव्य आहे, यात वाद नाही. काम १५६२ मध्ये सुरू झाले, मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, आणि त्या उणिवेनेच तिला एक विलक्षण रूप आले आहे. मंदिर संत कॅथरिनचे. कारण १५१० मध्ये अल्बुकर्कने शहर जिंकले तो २५ नोव्हेंबर तिच्या सणाचा दिवस होता. म्हणजे नावातच विजयाची नोंद. समोरच्या बाजूस १६०५ मध्ये अर्पण झालेली बॉम जेझसची बॅसिलिका. तिचा चिरा आपल्याच मातीतला, दर्शनी भागाचा काळा पाषाण मात्र वसईहून आणलेला. आत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेखाली फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडविलेला संगमरवरी चौथरा. इतके पाहून मन हलले नाही, असे म्हणणारा एकतर खोटे बोलतो किंवा त्याने पाहिलेलेच नसते.

पण डोळा हा येथे अपुरा साक्षीदार आहे. से कॅथेड्रलच्या चौकात एके काळी इन्क्विझिशनचा वाडा होता. लोक त्याला थोरले घर म्हणत. ते न्यायासन १५६० मध्ये आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. तो वाडा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. आज तेथे त्याची भिंतही दिसत नाही. पाडलेली देवळे तर आधीच गेली. म्हणजे जे मोडले तेही उरले नाही आणि ज्याने मोडले, छळले तेही उरले नाही. उरले ते केवळ देखणे. काळाने ही निवड आपल्याला न विचारता केली आहे. १९८६ मध्ये ही वास्तुसमूहाची जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली ती योग्यच, पण यादी दिसणाऱ्याचीच होते. जे दिसत नाही त्याची भर पाहणाऱ्याने आपल्या माहितीतून घालायची असते. ती न घालता केलेली वाहवा मला अर्धवट वाटते, आणि केवळ तीच घालून कपाळाला आठ्या पाडून बाहेरूनच परत फिरणेही तितकेच अर्धवट.

आपल्यात एक मत असे आहे की या वास्तूंत पाऊल टाकणे म्हणजे त्या जुलमाला संमती देणे. मला ते पटत नाही. सोळाव्या शतकातल्या धर्मसभांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करवून घेण्यास वारंवार मनाई केली. मनाई पुनःपुन्हा करावी लागली, यातच त्या करवून घेतल्या जात होत्या याचा पुरावा आहे. वेदीवरच्या सोनेरी कोरीव कामातील पाने-फुले निरखून पाहावीत. तो हात ओळखीचा वाटतो. ज्या घरात आपल्या सुताराने राबून काम केले, ते घर सर्वस्वी परक्याचे कसे म्हणावे? आणि १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना याच नगरीत आला. थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तपुराण रचले ते मराठी ओव्यांत, ते छापले गेले १६१६ मध्ये. पुढे १६८४ च्या फर्मानाने याच राजवटीने लोकभाषेवर घाला घातला. दोन्ही खरे. एकाने दुसरे फिटत नाही.

याहून अवघड प्रश्न जखमेच्या मालकीचा आहे. आपण गृहीत धरतो की अन्याय आपल्यावर झाला आणि आत बाकावर बसून प्रार्थना करणारे त्या अन्यायाचे वारस आहेत. इतिहास असे सांगत नाही. इन्क्विझिशनपुढे बहुसंख्येने उभे केले गेले ते बाटवलेलेच लोक. गुन्हा कोणता, तर घरी जुने आचार पाळल्याचा. १७३६ च्या जाहीरनाम्यात तुळस लावण्यापासून मिठाशिवाय भात शिजवण्यापर्यंतच्या गोष्टींना बंदी आहे. ही बंदी आपल्या पूर्वजांना नव्हती. ते तेव्हा नदीच्या अलीकडे निर्वेधपणे तुळशीला पाणी घालत होते. ज्यांना जमीन सोडवली नाही, म्हातारी माणसे सोडवली नाहीत, ते तिकडे राहिले; देव गेला आणि वर पाळतही आली. जाणाऱ्याने घर गमावले, राहणाऱ्याने त्याहून अधिक काही. त्यांच्याच वंशजांकडे आपण हिशेब मागायचा, ही कसली न्यायबुद्धी?

कोणी म्हणेल, मग विसरून जावे काय? मुळीच नाही. गोवा सरकारने २०२२ मध्ये पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनरुभारणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. स्मरणासाठी पैसा खर्च व्हावा याला माझी हरकत नाही. मात्र नार्व्याचे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. दिवाडी महाराजांच्या ताब्यात नव्हती हे खरे. पण देवाची प्रतिष्ठा मूळ जागेवाचून अडते, असेही त्यांना वाटले नाही. नदीच्या अलीकडचे ते देऊळ पूर्ण देऊळच आहे, तात्पुरते नव्हे.

खुद्द झेवियरची गोष्ट अधिक बोचरी. गोव्यात इन्क्विझिशन पाठवा, अशी विनंती त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहून केली होती. आणि २०२४-२५ च्या शवप्रदर्शनात ‘गोंयचो सायब’ म्हणून मेणबत्ती लावायला गेलेल्यांत हिंदू बायकाही होत्या. त्यांना पत्र ठाऊक नसेल, म्हणून त्या अज्ञानी, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण बहिणी मानतात. पत्र लक्षात ठेवणे हे आपल्यासारख्या वाचणाऱ्यांचे काम. मेणबत्ती लावणाऱ्या बाईला त्यावरून टोकण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

परतताना दिवाडीवर पिएदादच्या टेकडीवर अवश्य थांबावे. तेथल्या चर्चलगत दफनभूमी आहे आणि तिच्यात एक छोटे कपेल. त्याचे कोरीव छत कदंबकाळातले, जुन्या देवळाचे. त्याच्याखाली गावातल्या ख्रिस्ती घरांतील माणसे आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतात. भोवतीच्या क्रुसांवरची नावे पोर्तुगीज आहेत. टेकडीवरून खाली खाजणे दिसतात, आणि नदीपलीकडे आपला काठ.