फक्त आजचा दिवस

पहाटे नळाला पाणी येतं, चहा उकळतो, आणि एखाद्या घरात कोणीतरी थरथरत्या हातांनी उठतो. कपही धड धरवत नाही. "आता जन्मात पिणार नाही," तो म्हणतो. जन्म फार मोठा असतो. फक्त आजचा दिवस पेलतो.

1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब हे दोन मद्यपी एकमेकांशी बोलत राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. तिथे उपदेश नसतो, आपबीती असते. फी नाही. आडनाव कोणी विचारत नाही. फक्त आजचा दिवस, एवढंच मागणं.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी होते. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' गट आहे. हे फार मोलाचं, कारण पितो एक आणि जागतं सारं घर.

भिलाईच्या मंडळींनो, लाजून गप्प बसू नका. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली, तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. म्हणून डॉक्टर सोबत हवेत. सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे 14446. फोन मोफत आहे, आणि तो घरच्यांनीही करावा.