जुन्या फ्रीजचं दीर्घायुष्य

जुन्या वस्तूंच्या चाहत्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: त्या काळच्या वस्तू दुरुस्त करता यायच्या, म्हणून टिकल्या. सायकल, शिलाई मशीन, हातमाग यांच्याबाबतीत ते खरं आहे. पण अमेरिकेत जुने फ्रीज शोधून, ते पुन्हा चालू करून गॅरेजमध्ये किंवा घरच्या वर्कशॉपमध्ये ठेवणाऱ्यांचं काम जरा जवळून पाहिलं, की या वाक्यावरचा विश्वास डळमळतो. या मंडळींचा सर्वांत लाडका फ्रीज म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा 'मॉनिटर टॉप'. तो १९२७ साली बाजारात आला. डोक्यावर बसवलेल्या गोल कॉम्प्रेसरमुळे लोकांना अमेरिकन यादवी युद्धातल्या 'मॉनिटर' या युद्धनौकेचा तोफबुरूज आठवला आणि ते नाव चिकटलं. दहा लाखांहून अधिक विकल्या गेलेल्या या फ्रीजपैकी काही आजही मूळ कॉम्प्रेसरवर थंडावा देतात. तो कॉम्प्रेसर कुणी कधी दुरुस्त केलेला नसतो, कारण कुणी तो उघडूच नये अशी त्याची बांधणी आहे.

त्याआधीच्या घरगुती फ्रीजमध्ये मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा आणि दोघांना जोडणारा पट्टा असे. फिरता दांडा कॉम्प्रेसरच्या आत जिथे शिरतो, तिथलं सील झिजायचं आणि तिथून गॅस गळायचा. प्रत्येक भाग उघडता येत होता, बदलता येत होता, आणि म्हणूनच मेकॅनिकला वारंवार बोलवावं लागत होतं. जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनिअर ख्रिश्चन स्टीनस्ट्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही तेलासकट एकाच पोलादी कवचात हवाबंद केले. दांडा बाहेर यायचाच नाही, मग गळणार कुठून? एखादं युनिट बिघडलंच तर अख्खं वरून उचलायचं आणि दुसरं ठेवायचं. 'सीलबंद, वापरा आणि बदला' म्हणून जिची आज आपण तक्रार करतो, ती रचना या शंभरीला टेकलेल्या यंत्राच्या मुळाशी आहे.

म्हणून मला वाटतं, टिकाऊपणाचं रहस्य दुरुस्तीच्या सोयीत शोधणं इथे चूक आहे. हा फ्रीज टिकला, कारण त्यात बिघडण्यासारखं फार थोडं होतं. एक मोटर, एक कॉम्प्रेसर, गॅसच्या नळ्या, एक थर्मोस्टॅट, मोटर सुरू करणारा एक रिले. आणि बाकीचं काम घरातल्या माणसाकडे होतं.

ते काम म्हणजे बर्फ काढणं. महाराष्ट्रातल्या वाचकाला ते समजावून सांगायला नको. गोदरेजने १९५८ साली पहिला भारतीय फ्रीज बनवला. तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडच्या असंख्य घरांत एकदारी फ्रीजच आहे. बर्फाचा कप्पा पांढऱ्या थराने बुजत आला की थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबायचं, दूध-भाज्या बाहेर काढायच्या, खाली ट्रे सरकवायचा आणि वाट पाहायची. थोड्या वेळाने थराची कड सुटते, मग एखादी अख्खी लादी धप्पकन खाली येते. ज्याला धीर नसतो तो सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बर्फ खरवडायला जातो, टोक ॲल्युमिनियमच्या पत्र्यात घुसतं, फुस्सकन आवाज होतो आणि गॅस गेलेला असतो. एकदारी फ्रीज असा मरतो. कॉम्प्रेसर धडधाकट असतो. माणसाच्या वाट्याचं काम नीट झालेलं नसतं.

पुढे नो-फ्रॉस्ट फ्रीज आले आणि हे काम यंत्राने अंगावर घेतलं. पण त्यासाठी यंत्रात काय काय शिरलं ते पाहा: हवा खेळवणारा पंखा, बर्फ वितळवणारा हीटर, तो ठरावीक वेळाने चालू करणारा टायमर, हीटर वेळेवर बंद करणारा आणखी एक थर्मोस्टॅट. थंडावा निर्माण करणाऱ्या पेटीत उष्णता निर्माण करायची आणि ती पुन्हा कॉम्प्रेसरने बाहेर फेकायची. शिवाय पेटीचा आकार वाढत गेला आणि वीज स्वस्त असल्यामुळे इन्सुलेशनकडे कुणी लक्ष दिलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांचा एक आलेख ऊर्जेच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्यानुसार १९४७ च्या सुमाराला नवा अमेरिकन फ्रीज वर्षाला साधारण साडेतीनशे युनिट वीज खाई. १९७४ च्या सुमाराला हा आकडा अठराशेपर्यंत गेला. मग आधी कॅलिफोर्नियाने आणि नंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने मानकं लावली, आणि तो पुन्हा पाचशेच्या आसपास उतरला. तोही मोठ्या पेटीसाठी. त्यामुळे 'जुना फ्रीज वीज खातो' हे सरसकट विधान मला मान्य नाही. कुठला जुना, ते विचारायला हवं. सत्तरच्या दशकातला दोनदारी नो-फ्रॉस्ट गॅरेजमध्ये केवळ थंड पेयांसाठी चालू ठेवणं ही उधळपट्टी आहे. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या छोट्या एकदारीची गोष्ट निराळी. अर्थात त्याचंही इन्सुलेशन दबलेलं आणि रबर कडक झालेलं असू शकतं. प्लगमध्ये मीटर लावून आठवडाभराची युनिटं मोजावीत आणि मगच प्रेमात पडावं.

गॅरेजसाठी हा साधेपणा आणखी एका कारणाने उपयोगी पडतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात गॅरेजच गारठतं. वर फ्रीझर असलेल्या अनेक नव्या फ्रीजचा थर्मोस्टॅट खालच्या कप्प्याचं तापमान बघतो. तो कप्पा आपोआपच गार असल्यामुळे कॉम्प्रेसर सुरू होत नाही आणि वर फ्रीझरमधलं मांस पाणी सोडू लागतं. जुन्या एकदारीत थर्मोस्टॅटची नळी बर्फाच्या कप्प्यालाच चिकटवलेली असते, त्यामुळे ही फसगत बरीच टळते.

असा फ्रीज बघायला गेलं की रंगाकडे शेवटी बघावं. पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग होतं, गंज घासता येतो, आतलं एनॅमल नुसत्या खाण्याच्या सोड्यानेही उजळतं. आधी वायर बोटांत धरून वाकवावी. जुनं रबर असेल तर ते बिस्किटासारखं तुटतं, आणि पत्र्याची बॉडी, अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग आणि वर्कशॉपची सिमेंटची ओली जमीन हे मिळून जीवघेणं प्रकरण होतं. वायर बदलून तिसरी पिन जोडल्याशिवाय तो चालू करू नये. फ्रीज आडवा घालून आणला असेल तर एक दिवस उभा ठेवावा, म्हणजे नळ्यांत गेलेलं तेल परत कॉम्प्रेसरमध्ये उतरतं. मग चालू करून ऐकावं. रिलेची टिकटिक होऊन मोटर संथ गुणगुणू लागली आणि काही मिनिटांत बाहेरची नळी कोमट लागली, तर गॅस जागच्या जागी आहे. शेवटी दारात कागदी नोट अडकवून ओढावी. ती अलगद निसटली तर रबर बदलायचं.

यातलं काहीही करताना सीलबंद भागाला हात लावायचा नाही, हा या कामातला सर्वांत मोठा संयम. सुरुवातीच्या मॉनिटर टॉपमध्ये सल्फर डायऑक्साइड आहे. त्याचा वास इतका उग्र की माणूस पळतोच. त्या काळी तोच एक दिलासा होता. मिथाइल क्लोराइड वापरणाऱ्या फ्रीजमध्ये तोही नव्हता, आणि १९२९ साली शिकागोत त्याच्या गळतीने माणसं दगावली. बर्लिनमध्ये अशाच गळतीने एक कुटुंब गेल्याची बातमी वाचून आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड हलत्या सीलशिवाय चालणाऱ्या फ्रीजच्या मागे लागले होते. पुढे थॉमस मिजलीच्या चमूने न जळणारा, बिनविषारी फ्रिऑन आणला आणि १९३० साली त्याने तो हुंगून दाखवला. त्याच कुळातल्या वायूंनी ओझोनचा थर विरळ केला, हे कळायला सत्तरचं दशक उजाडलं. मॉन्ट्रिऑल करार १९८७ चा. म्हणून आर-१२, म्हणजे फ्रिऑन, असलेला जुना फ्रीज 'एकदा गॅस सोडून बघू' म्हणत खोलणारा मेकॅनिक मला सहन होत नाही. तो गॅस जिथे आहे तिथेच राहणं सगळ्यांच्या हिताचं आहे, आणि चालणारा जुना फ्रीज हे तो साठवण्याचं वाईट ठिकाण नाही.

काही लोक यंत्र काढून टाकतात आणि पेटीचं बाटल्यांचं कपाट करतात. बंद पडलेल्या फ्रीजचं करायला हरकत नाही. चालत्याचं करणं मला पटत नाही, कारण त्यातली जपण्यासारखी गोष्ट काढून फेकायची आणि पत्रा ठेवायचा असा तो प्रकार होतो.

दाराच्या खटक्याबाबतीत मात्र मूळ रूपाचा आग्रह मी धरणार नाही. बाहेरून ओढायच्या हँडलचा तो जड खटका दिसायला देखणा आहे, पण आतून उघडत नाही. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपायला गेलेली मुलं गुदमरून गेली, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. अखेर अमेरिकन काँग्रेसने १९५६ साली कायदा केला आणि आतून ढकलून उघडणारं दार सक्तीचं झालं. आजच्या चुंबकाच्या पट्टीचं दार त्या मुलांमुळे आपल्याला मिळालं आहे. खटका काढून आत चुंबक बसवावेत, हँडल शोभेला राहू द्यावं. ज्याला ते जमत नसेल त्याने फ्रीज वापरात नसताना दारच बिजागरीतून काढून ठेवावं.

आपल्याकडे 'एक्स्चेंज'मध्ये रोज भंगारात जाणाऱ्या जुन्या एकदारी फ्रीजना यातलं जवळजवळ सगळं लागू आहे. लेथच्या शेडमध्ये, मोटर वाइंडिंगच्या दुकानात किंवा शेतावरच्या खोलीत पाणी, ताक आणि जनावरांची औषधं गार ठेवायला त्यातला चांगला नग पुरतो. गॅस टिकून असेल तर हात लावू नये. गेलेला असेल आणि तो आर-१२ असेल, तर नवा आर-१२ आता बाजारात मिळायचा नाही. हायड्रोकार्बनचं मिश्रण भरणारे मेकॅनिक आहेत, पण तो वायू पेट घेतो. ज्या शेडमध्ये वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडतात, तिथे असा बदललेला फ्रीज ठेवायचा की नाही, हे आधी त्या मेकॅनिकशी बोलून ठरवावं आणि मगच त्याला काम द्यावं.