काठी न उगारता

इतिहास संघर्षातून पुढे सरकतो, असं मार्क्स आणि एंगल्स यांनी 1848 च्या जाहीरनाम्यात ठामपणे मांडलं. समाज दोन छावण्यांत दुभंगत चालला आहे, आज ना उद्या भडका उडणारच, हा त्यांचा हिशेब. पुढे अमेरिकी समाजशास्त्रात समतोलाला भाव आला आणि संघर्ष हा बिघाड ठरला. लुईस कोसरने 1956 मध्ये दाखवून दिलं की भांडणंही समाजाला बांधून ठेवतात. पण हिंसा म्हणजे मारहाण, रक्तपात, हे गृहीत बहुतांशी तसंच राहिलं.

त्याला धक्का दिला नॉर्वेच्या योहान गाल्टुंगने, 1969 च्या एका निबंधात. अठराव्या शतकात क्षयाने माणूस दगावला तर इलाजच नव्हता. पण औषध हाताशी असताना आज कुणी क्षयाने मेलं, तर ती हिंसाच, मग मारणारा दिसो वा न दिसो. याला त्याने संरचनात्मक हिंसा म्हटलं.

मारणारा दिसत नाही, हे मात्र मला पुरेसं वाटत नाही. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. तरी तीन वर्षं कुणाची तिथे पाणी भरायची छाती झाली नाही. काठी उगारावीच लागली नाही. दहशत मुरलेली होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसोबत लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी काठ्या बाहेर पडल्या. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, एवढी आवई पुरली. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. अस्पृश्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला तो 1937 मध्ये.

भडका का उडत नाही, याचं उत्तर बाबासाहेबांकडे होतं. 1936 च्या 'जातिनिर्मूलन' या पुस्तिकेत त्यांनी समाजवाद्यांना बजावलं की इथे दोन छावण्या नाहीत, उतरंड आहे. वरच्याचा जाच सोसणाऱ्यालाही खाली कुणीतरी आहे याचा आधार वाटतो, म्हणून एकजूट होत नाही. गाल्टुंगच्या तेहेतीस वर्षं आधी मांडलेला हा विचार मला अधिक खोल वाटतो, कारण तो रचनेबरोबर ती टिकवणारी माणसंही दाखवतो.

हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध 1993 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये कायदा झाला. तरी माणसं मैलाटाकीत उतरवली जातात, गुदमरून मरतात. अनेकदा नोंद होते ती अकस्मात मृत्यूची. सोसायटी म्हणते ठेकेदाराला सांगितलं होतं, ठेकेदार म्हणतो मुकादमाने माणूस आणला, मुकादम म्हणतो तो स्वतःच उतरला. तो कुठल्या जातीचा होता, हे या साऱ्यांना आधीपासून ठाऊक असतं.