चोरी आणि समुद्रापारची शिक्षा

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. तेरेखोलपलीकडे सावंतवाडी संस्थान आणि त्याच्याही पुढे वेंगुर्ल्याचा इंग्रजी मुलूख. दोन्ही परकीय राजवटींचे कायदे निराळे. पण अपराध्याला समुद्रापार धाडण्याबाबत त्यांचे एकमत होते. पोर्तुगीज मोझांबिक आणि तिमोर जवळ करीत, तर इंग्रज मॉरिशस, सिंगापूर आणि १८५८ पासून अंदमान.

१८९५ च्या उठावानंतर दादा राणे तिमोरला हद्दपार झाले, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्या नावाभोवतीचा आदर यथार्थच आहे. मात्र त्याच समुद्रावरून चोरी-दरोड्यासाठी शिक्षा झालेलेही गेले. बंडखोराची हद्दपारी इतिहासात नोंदली गेली. चोराची हद्दपारी घराण्याने लपविली.

१८३६ मध्ये चार्ल्स डार्विन मॉरिशसला उतरला, तेव्हा तेथे सुमारे ८०० हिंदी कैदी सरकारी बांधकामांवर राबत होते. बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून आणलेली ही माणसे निरनिराळ्या गुन्ह्यांची होती. त्यांचे भारदस्त रूप, स्वच्छता आणि धर्माचरण पाहून तो विस्मित झाला. अपराध केलेला माणूस संपूर्णतः अपराधच नसतो, हे त्या परक्या प्रवाशाला दिसले.

येथे एक आक्षेप संभवतो. चोरी क्षुल्लक म्हणावी काय? ज्या कुळाचा बैल चोरीस गेला, त्याचे सारे वर्ष गेले. हे दुःख खरे आहे आणि दयेच्या भरात ते विसरणे हाही अन्यायच. परंतु चोराला मॉरिशसला धाडल्याने तो बैल गोठ्यात परत येत नव्हता. चोराचे श्रम सरकारी रस्त्यांत जिरले. ज्याचे गेले त्याचे गेलेच. शिवाय चोराची बायको ना सधवा ना विधवा, आणि मुलाच्या हातचा अग्नी त्याला दुर्लभ. चोरलेली वस्तू किंवा तिचे मोल परत करता येते. हिरावून घेतलेले आयुष्य कोणते न्यायालय परत करणार? शिक्षा अपराधाहून मोठी झाली, की न्याय करणाराच ऋणी होतो.

भारतीय दंडसंहितेतून ही शिक्षा १९५५ मध्ये वगळली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने वस्तू किंवा तिचे मूल्य परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ज्याचे गेले त्याला काही मिळावे आणि ज्याने नेले त्याला गावातच राहता यावे, हा त्यातील विवेक.

कायद्याने परतीची वाट मोकळी केली. पण उंबरठा आपला आहे. शिक्षा भोगून आलेल्याला आपण कामावर ठेवतो का, देवळाच्या उत्सवात शेजारी बसवितो का? तसे नसेल, तर आपण त्याला अजूनही समुद्रापारच ठेवले आहे.