नशीब म्हणावें कीं उणीव?

पहूर गांवीं कोणी दगावलें म्हणजे भेटावयास येणारे शेवटीं म्हणतात, "त्याची दोरीच तेवढी होती." शोकाच्या घरीं हे शब्द दयेचे होत, त्यांचा उपहास आम्ही करीत नाहीं. परंतु कोरोनाच्या सांथीनें आम्हांपुढें एक प्रश्न ठेविला आहे: जें साधनांच्या उणिवेनें किंवा माणसांच्या हयगयीनें घडलें, त्यास नशीब म्हणणें न्याय्य आहे काय?

दुखणें एकच; पण रोगी कोणत्या देशांत खाटेस लागला, यावरही त्याचें जगणें अवलंबून होतें. २०२० सालीं आफ्रिकेंतील दहा देशांच्या ६४ रुग्णालयांत तीन हजारांवर अत्यवस्थ रोग्यांची नोंद ठेवण्यांत आली. तीस दिवसांच्या आंत शंभरांपैकीं सुमारें ४८ मरण पावले. जगाची सरासरी सुमारें ३१ होती. ज्या उपचारांची गरज होती ते पुरेसे मिळाले नाहींत, हें एक कारण अभ्यासकांनीं दाखविलें.

दूर कशास जावें? पहूराहून अत्यवस्थ रोगी सुमारें ४० किलोमीटरांवरील जळगांवास नेतात. तेथील सरकारी रुग्णालयांतून जून २०२० मध्यें ८२ वर्षांची एक आजी नाहींशी झाली, व आठ दिवसांनीं तिचें प्रेत तेथल्याच शौचालयांत सांपडलें. अधिष्ठात्यांसह कित्येकांस निलंबित करण्यांत आलें. त्या सुमारास जिल्ह्यांतील मृत्यूंचें प्रमाणही देशाहून पुष्कळ अधिक होतें. खाट रिकामी दिसतां "आजी कोठें गेल्या?" असें विचारून शोध घेण्यास किती पैसा लागला असता?

कोणी म्हणेल, गरिबांच्या मुलुखांत असेंच चालावयाचें. त्यास नंदुरबार उत्तर देईल. तो जिल्हा आदिवासींचा व गरीब. तरी कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनीं २०२० मध्यें, पहिली लाट ओसरत असतांच, हवेंतून ऑक्सिजन काढणारें यंत्र बसविलें, व पुढें आणखीही बसविलीं. २०२१ च्या एप्रिलांत मोठमोठ्या शहरांतून सिलिंडरांसाठीं धांवाधांव चालली, तेव्हां नंदुरबारास आपला ऑक्सिजन होता.

प्रत्येक मरण कोणाचा तरी अपराध, असें आमचें म्हणणें नाहीं. डॉक्टर व नर्सबाई रात्रंदिवस झटल्या तरी कित्येक रोगी वांचले नाहींत. सर्व कांहीं करून झाल्यावर जें उरतें तें धीरानें सोसावें. पण करावयाचें राहून गेलें असतां धीराचा उपदेश करणें म्हणजे झांकण घालणें होय.

वाचकहो, जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२३ मध्यें ह्या सांथीची आणीबाणी उठविली. आतां दिवस बरे आहेत. विचारण्याची वेळ हीच. आपल्या दवाखान्यांत सिलिंडर भरलेला आहे काय? रात्रीं रोग्याजवळ कोण असतें? एकट्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी कोण करितो? हे प्रश्न ग्रामसभेंत आज विचारले, तर उद्यां एखाद्या घरीं "दोरी तेवढीच होती" असें म्हणण्याचा प्रसंग टळेल.