न वाचता येणारे वाचण्याचा हक्क

ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यापुढे पोथी उघडी ठेवली काय किंवा बासनात बांधून ठेवली काय, त्याला दोन्ही सारखेच, असे मत आमच्या एका स्नेह्यांनी मागे माझ्यापुढे मांडले. हे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात बत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले. माणूस हिशेबी, बोलणे मोजके आणि दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतण्याची हातोटी विलक्षण. सरकारी कचेऱ्यांतले संगणक ज्या आज्ञावलींवर चालतात त्यांचे मूळ लेखन नागरिकांना खुले असावे, असे मी मोठ्या आवेशाने सांगत होतो. त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, पण ते लेखन उद्या तुमच्यापुढे आणून ठेवले, तर तुम्हाला वाचता येईल का?" मला येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. "मग जे वाचताच येत नाही, ते वाचण्याचा हक्क तुम्हाला हवाय कशाला?"

प्रश्न वरवर चेष्टेचा आहे. पण मी जसजसा विचार करू लागलो तसतसे मला वाटू लागले, की लोकशाहीत आपण जे हक्क मोलाचे मानतो त्यांतल्या निम्म्याअधिक हक्कांना तो लागू पडेल.

आधी ही आज्ञावली म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगितले पाहिजे. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा फराळाचाच दाखला घेतो. बाजारातून आणलेली चकली खाता येते, पाहुण्याला देता येते; पण तिच्या भाजणीत तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती आणि उडीद किती, हे काही ती चकली सांगत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. माणूस ती लिहितो तेव्हा ती वाचता येण्याजोग्या लिपीत असते. मग तिचे यंत्राला समजणाऱ्या अंकांत रूपांतर होते, आणि दुकानदार विकतो ते हे दुसरे रूप. भाजणीचे प्रमाण त्याच्या तिजोरीत राहते. ओपन सोर्स म्हणून जो पंथ आहे तो म्हणतो, की चकलीबरोबर प्रमाणही द्या. ज्याला तिखट हवी त्याने तिखट करावी आणि शेजारणीलाही सांगावी.

या पंथाचे मूळ एका छापणाऱ्या यंत्रात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करीत असे. तिथल्या यंत्रात कागद अडकत. पूर्वीच्या यंत्राची आज्ञावली हाती असल्यामुळे त्याने तीत सुधारणा करून ठेवली होती. कागद अडकला की सूचना मिळे. नवे यंत्र आले, त्याचे मूळ लेखन मात्र कोणी देईना. माणसे अशा वेळी दोन शिव्या हासडून कामाला लागतात. स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केले, की कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संबंध प्रणालीच आपण रचणार. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या रचनेला हवा असलेला गाभा लिहिला. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर तोच गाभा त्याच्या पोटात आहे.

घरच्यापुरते म्हणाल तर माझी काही तक्रार नाही. ज्याला वेळ नाही त्याने चकली विकत आणावी. पण सरकार म्हणजे घर नव्हे. कोणत्या म्हातारीचे निवृत्तिवेतन चालू राहायचे, कोणाचे नाव शिधावाटपाच्या यादीतून गळायचे, हे पूर्वी नियमाच्या पुस्तकात लिहिलेले असे. कारकून ते पुस्तक उघडून दाखवी, किंवा दाखवायला कुरकुर करी. पण पुस्तक असे. आता त्या नियमाची आज्ञावली झाली आहे. खिडकीमागचा कारकूनही हात वर करून म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." ही सिस्टीम का घेत नाही, हे त्यालाही ठाऊक नसते. राजपत्र आपल्यापैकी कितीजण वाचतात? मी तरी वाचत नाही. पण उद्या सरकारने म्हटले की नाहीतरी कोणी वाचत नाही, तेव्हा यापुढे कायदे गुप्त राहतील, तर ते आपण चालवून घेऊ का?

पेरू या देशाच्या संसदेतले एक सभासद एद्गार विल्यानुएवा यांनी हाच मुद्दा मांडला होता. सरकारी कचेऱ्यांत मुक्त आज्ञावलीच वापराव्यात असे विधेयक तिथे पुढे आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या पेरूतल्या व्यवस्थापकांनी हरकतीचे लांबलचक पत्र धाडले. त्याला विल्यानुएवांनी एप्रिल २००२ मध्ये जे उत्तर दिले ते जगभर वाचले गेले. हा डोंगराळ मुलखातला लोकप्रतिनिधी पैशाच्या बचतीची गोष्ट दुय्यम मानतो, हे मला त्यात विशेष वाटते. त्याचे म्हणणे असे, की सरकारजवळची माहिती नागरिकांची आहे. ती वाचायला एखाद्या विक्रेत्याची परवानगी लागता कामा नये, तो विक्रेता उद्या बुडाला तरी ती वाचता आली पाहिजे, आणि तिच्यावर काम करणारे यंत्र आत काय करते हे तपासता आले पाहिजे. कोणी काय विकावे यावर बंदी नाही. सरकारने काय विकत घ्यावे याला मात्र अटी आहेत. पुढे २००५ मध्ये तिथे कायदा झाला, तो पुष्कळच मवाळ. सरकारने कोणत्याही एका बाजूला न झुकता तुलना करून निवड करावी, एवढेच त्यात उरले. आपल्याकडे भारत सरकारनेही २०१५ मध्ये धोरण जाहीर केले, की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे, आणि ते वगळायचे तर कारण नोंदवावे. कारण नोंदवणे ही कला आपल्या कचेऱ्यांना अवगत नाही असे कोण म्हणेल?

हे सगळे तत्त्वाचे बोलणे झाले. आमच्या स्नेह्यांना तत्त्वाचे वावडे. म्हणून त्यांना मी इंग्लंडच्या पोस्टाची हकीकत सांगितली, आणि ती सांगताना माझाच आवाज चढला.

ब्रिटनमध्ये गावोगावची पोस्ट कचेरी चालवणारे लोक बहुधा छोटे दुकानदार असतात. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी होरायझन नावाची संगणकप्रणाली आली. काही दिवसांतच कुठे शंभर, कुठे हजारो पौंडांची तूट दिसू लागली. तूट यंत्र दाखवी आणि भरपाई करारानुसार त्या माणसाने करायची. कोणी घर गहाण टाकले, कोणी नातलगांकडून उसने आणले. जे भरू शकले नाहीत त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक माणसे दोषी ठरली. कित्येक तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. यंत्र चुकले असेल असे म्हणणाऱ्याला उत्तर मिळे, की बाकी कोणाची अशी तक्रार नाही. शिवाय तिथल्या कायद्याची भूमिका अशी, की उलट दिसेपर्यंत संगणक बरोबर चालतो असे धरून चालावे. उलट दाखवायचे कोणी? ज्याला यंत्राच्या आत डोकावण्याची मुभाच नाही, त्याने! प्रणालीतल्या दोषांच्या नोंदी होत्या; त्या हाती येण्यासाठी या लोकांना न्यायालयात झगडावे लागले. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निवाडा दिला, आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेने खास कायदा करून या शिक्षा रद्द केल्या. मधली वीस वर्षे परत देण्याचा कायदा कोणत्याही संसदेला करता येत नाही.

मूळ लेखन खुले असते तर हे सगळे टळले असते, असा माझा दावा नाही. पोस्ट चालवणाऱ्या बाईला ते वाचता आले नसतेच. पण तिच्या वकिलाला ते एखाद्या जाणत्याकडे नेता आले असते. आपल्या खरेदीखताची भाषा तरी आपल्याला कुठे कळते? आपण ते वकिलाला दाखवतो, आणि त्याला दाखवता येते, कारण ते आपल्या हातात असते. न वाचता येणाऱ्याचाही हक्क असतो तो हा: आपल्यातर्फे वाचणारा नेमण्याचा. आजारी माणसाला नाडी कळत नाही म्हणून त्याचे कागद डॉक्टरने लपवून ठेवावेत असे नाही.

स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पटले. पण तुमच्या पंथातले सगळे लोक कारकुनाला विसरतात." आणि त्यांनी म्युनिकचे नाव काढले, तेव्हा मला नवल वाटले. बत्तीस वर्षे पगारपत्रके काढणाऱ्या माणसाला त्या शहराची वार्ता होती.

म्युनिकच्या नगरपालिकेने २००३ मध्ये ठरवले, की विंडोज सोडून लिनक्सवर जायचे. हा निर्णय फिरवावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर आपली सुट्टी अर्धी टाकून महापौरांना भेटायला आले होते. निर्णय फिरला नाही. दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक बदलले गेले. आणि २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले. बाहेरून आलेले कागद नीट उघडत नाहीत, कामे अडतात, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्यांतल्या पुष्कळ तक्रारींचा दोष लिनक्सचा नसून कारभाराच्या विस्कळीतपणाचा होता असे जाणकार सांगतात. ते खरे असेल. पण महिनाअखेरीस ज्याच्या टेबलापुढे रांग लागली आहे त्या माणसाला हा फरक सांगून काय उपयोग? दुसऱ्याच्या पाठीवर ओझे ठेवून आपण तत्त्वनिष्ठ होणे सोपे असते. केरळने आपल्या शाळांत मुक्त आज्ञावली आणल्या तेव्हा आधी शिक्षकांना शिकवले, त्यांच्यातूनच शिकवणारे तयार केले, आणि तिथे ती गोष्ट रुजली. हुकूम आधी आणि शिकवण मागून, या क्रमाने ती रुजत नाही.

स्नेह्यांनी काढली नाही अशी आणखी एक अडचण आहे, आणि मला ती अधिक टोचते. उघडे ठेवलेले कोणीच वाचले नाही तर? इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल नावाची मुक्त आज्ञावली जगातल्या असंख्य बँका आणि सरकारे वापरीत. तिच्यात एक भोक दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. ते २०१४ मध्ये उघडकीस आले. तिची देखभाल बोटांवर मोजण्याइतकी माणसे करीत होती. पुढे २०२४ मध्ये दुसऱ्या एका मुक्त आज्ञावलीत कोणीतरी, सांभाळणाऱ्या एकट्या दमलेल्या माणसाचा विश्वास संपादन करून, मुद्दाम चोरवाट ठेवल्याचे आढळले. ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होत आहे असे वाटले, आणि तो उशीर त्याला स्वस्थ बसू देईना. मूळ लेखन खुले होते म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आले. गंमत म्हणजे हा गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. पण दरवेळी असा अर्ध्या सेकंदाचा हिशेब ठेवणारा भेटेल, या भरवशावर राज्ये चालवायची का? गावची विहीर सर्वांची असते तेव्हा तिचा गाळ कोणी उपसायचा, हा वाद आपल्याला नवा नाही. सरकारे फुकट मिळते म्हणून पाणी भरतात आणि गाळाच्या वेळी दुसरीकडे पाहतात, हे मला खुल्या लेखनाविरुद्धच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक लाजिरवाणे वाटते. जर्मनीच्या केंद्र सरकारने २०२२ पासून अशा सार्वजनिक आज्ञावलींच्या देखभालीसाठी निधी द्यायला सुरुवात केली. पैसा खर्चायचा तो असा.

आणि आपल्या मराठीने हे सगळे आपल्या अंगावर सोसले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकाचा प्रत्येक विक्रेता आपापल्या मनाने अक्षरांना अंक देत असे. एकाचा टंक दुसऱ्याच्या संगणकावर नसला की 'महाराष्ट्र' या शब्दाच्या जागी इंग्रजी चिन्हांची भेळ दिसे. कचेऱ्यांची परिपत्रके, प्रकाशकांची पुस्तके, दिवाळी अंकांचे मजकूर, सगळे अशा निरनिराळ्या किल्ल्यांत अडकले. पुढे युनिकोड आले, तरी आपला 'ऱ्य' बराच काळ नीट उमटत नसे. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात नव्हते. पण मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि सह्याद्री एवढे. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्यांनी असे शब्द उदाहरणादाखल लिहून उघड वहीत तक्रारी नोंदवल्या. ज्यांना आज्ञावलीतली एक ओळही वाचता येत नव्हती अशांना 'दऱ्या' मात्र वाचता येत होते. आणि ज्यांना आज्ञावली वाचता येत होती त्यांनी ते दुरुस्त केले. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेले 'लोहित' टंक आजही कोणालाही फुकट घेता येतात आणि उघडून पाहता येतात.

माझे स्वतःचे पंचवीस वर्षांपूर्वीचे काही लेख अशाच एका जुन्या टंकात आहेत. कोणा अनोळखी माणसाने ती अक्षरे युनिकोडमध्ये बदलणारी एक लहानशी आज्ञावली लिहून खुली ठेवली आहे. माझ्या भाच्याने तीतून ते लेख काढून दिले. बहुतेक मजकूर नीट आला. रफार आणि 'ऱ्य' तेवढे मी हाताने घालतो आहे. रोज दोन पाने होतात.